कलम

करारात बारा कलमं होती.
सातव्यात मिठाच्या दोन विहिरी, एका पुलाची जकात
आणि ओटिलिए.
वय साडेपंधरा. दात सगळे जागेवर.
ते दात मीच दाखवले होते त्यांच्या वकिलाला,
एका हातात मेणबत्ती धरून, दुसऱ्यानं तिचा ओठ वर करून.
ती माझ्या बोटाला चावली, हळूच.
हसू आवरताना दोघींचीही पुरेवाट.

लग्न लागलं इथेच, वाल्डेनहोफच्या गारठ्यात.
नवरा आलाच नव्हता. त्याच्या जागी
तिचे लेबरेख्ट काका उभे, संधिवातानं वाकलेले,
परक्या दरबाराचा निळा पट्टा छातीवर आडवा.
'होय' म्हणायच्या वेळी त्यांना खोकला आला.
पाद्री थांबले, आम्ही थांबलो.
काकांनी रुमालाआडून मान हलवली
आणि ती डचेस झाली.

निघायच्या आदल्या रात्री माझी कात्री घेऊन ती बागेत गेली.
भिंतीलगतच्या नासपतीची वीतभर काडी कापली,
ओल्या शेवाळात गुंडाळली, वरून माझा मोजा.
सतरा दिवस बग्गीत तो मोजा तिच्या मांडीवर.
दर मुक्कामाला मी त्याला पाणी द्यायचे,
आजाऱ्याला चमच्यानं पाजावं तसं.

घाटाखाली सरहद्द. एक तंबू, एक टेबल,
पोचपावतीवर दोन्हीकडच्या सह्या.
मी तिथून मागे फिरायचं, हेही एक कलमच होतं. नववं.
ती रडली नाही. अंगठ्यापाशी हातमोजा चावत राहिली,
लहानपणापासूनची खोड.

मला वाचता येत नाही.
पत्रं वर्षाला एक, क्वचित दोन,
आधीच कुणीतरी फोडलेली, मेणावर मेण.
पाद्री क्नोब्लाख वाचून दाखवायचे, जांभया देत:
'काडी जगली. खाली खोड दुसऱ्याच झाडाचं आहे,
फळ मात्र वरच्याचंच येतं म्हणतात.'
'बहर आला, मार्चमध्ये गळाला.'
'पुन्हा आला, पुन्हा गळाला. माळी म्हणतो, दोष झाडाचाच.
माळी बहुतेक शेजारच्या बागेत असतो.'

पाद्री म्हणायचे, गेझीना, बाईसाहेबांना झाडांचं भारी वेड!
मी म्हणायचे, हो ना.
आणि घरी येऊन टोपडं विणायला घ्यायचे,
पुरं व्हायच्या आत उसवायचे.

सहाव्या वर्षी: 'एक फळ टिकलं. लहान आहे, पोपटी.'
मी पाद्रींना डझनभर अंडी नेऊन दिली.
एका नासपतीसाठी? ते म्हणाले.

मग कितीतरी वर्षं एक ओळ नाही.
तिकडे लढाई झाली म्हणे. विहिरी
तिसऱ्याच कुणी बळकावल्या. पूल पडला.
सातव्या कलमातलं परत करता न येणारं
तेवढंच तिथे उरलं.

नंतरच्या एका हिवाळ्यात आमची नासपती
रात्रीतून उभी चिरली. आवाज मी अंथरुणातून ऐकला.
पाद्रींकडून लिहवून घेतलं: झाड गेलं.
वर्षानं उत्तर आलं, अक्षर थरथरतं,
पाद्रींना दोनदा वाचावं लागलं:
'इथलं आहे. त्याची एक काडी वसंतात
तुमच्या रस्त्यानं निघते आहे, अजून उत्तरेला जायचंय तिला.
थंडी काय असते तिला ठाऊक नाही.'

चला, पाद्री म्हणाले, भिंतीलगत पुन्हा झाड होईल.
मी काही बोलले नाही.

मेमध्ये टपालचौकीवर चार बग्ग्या थांबल्या, घोडे बदलायला.
दुसरीच्या काचेशी काळ्या केसांची पोर,
नाक सगळं तिकडचं, माझ्या ओळखीचं काही नाही,
अंगठ्यापाशी हातमोजा चावत होती.

मी जाड लोकरीचे मोजे नेले होते, जोडी.
शिपायानं उलटसुलट करून पाहिले, मग आत दिले.
तिनं तिच्या भाषेत काहीतरी विचारलं.
मी माझ्या भाषेत सांगितलं,
हे ओले होऊ देऊ नकोस, बाळ.